‘अलर्ट’ म्हणजे नेमके काय? बुरुजावरच्या हाकेपासून इटियाडोहच्या सांडव्यापर्यंत

पावसाळा ऐन भरात आला की पूर्व विदर्भातील वृत्तपत्रांत एक वाक्य हमखास वाचायला मिळते. अमुक धरण भरले, सांडव्यावरून पाणी वाहू लागले आणि नदीकाठच्या गावांना ‘अलर्ट’ देण्यात आला. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवर बांधलेले इटियाडोह धरण ज्या वर्षी तुडुंब भरते, त्या वर्षी त्याच्याही बातमीत हे वाक्य असतेच. १९७० साली पूर्ण झालेले हे मातीचे धरण सुमारे ३० मीटर उंच आहे. त्याचे पाणी गोंदियापुरते मर्यादित नाही. कालव्यांतून ते गडचिरोली जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांपर्यंत पोहोचते, तर सांडव्यावरून सुटलेले पाणी गाढवीच्या पात्रातून वैनगंगेची वाट धरते. साहजिकच धरण एका जिल्ह्यात आणि त्याच्या पाण्याची धास्ती दुसऱ्या जिल्ह्यात, अशी इथली स्थिती आहे.

अशा वेळी ‘अलर्ट’ या एका शब्दावर बरेच काही अवलंबून असते. गंमत अशी, की मराठीत तो आता निदान चार प्रकारे वापरला जातो. प्रशासन अलर्ट ‘जारी करते’, गावांना अलर्ट ‘देते’, यंत्रणा अलर्ट ‘मोडवर’ असतात आणि नागरिकांनी अलर्ट ‘राहायचे’ असते. पहिल्या दोन ठिकाणी तो निरोप आहे, तिसऱ्या ठिकाणी स्थिती आणि चौथ्या ठिकाणी गुण. नदीकाठच्या माणसाने त्यातून नेमके काय समजायचे? जनावरे सोडायची, सामान माळ्यावर चढवायचे, की नुसते जागे राहायचे? शब्दाचा उगम पाहिला तर या गोंधळाचे मूळ काही प्रमाणात तिथेच सापडते.

उंचवट्यावर चला!

‘अलर्ट’ हा शब्द इंग्रजीत जन्मलेला नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला आणि फ्रेंचांनी तो इटालियन भाषेतून उचलला होता. मूळ इटालियन शब्दप्रयोग ‘अल्लेर्ता’. त्यात ‘अल्ला’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘एर्ता’ म्हणजे चढण, उंचवटा, टेहळणीची जागा. थोडक्यात ‘उंचावर चला’, ‘बुरुजावर जा’ असा तो पहारेकऱ्यांना दिलेला हुकूम होता. ‘एर्ता’च्या मुळाशी उभे करणे, उंचावणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. इंग्रजीतील ‘इरेक्ट’ हा शब्द त्याच धातूपासून आला आहे.

म्हणजे आरंभी हा शब्द विशेषणही नव्हता आणि नामही नव्हते. ती एक हाक होती. फ्रेंचांनी ती एकसंध करून ‘अलेर्त’ केली, इंग्रजांनी तिला विशेषण बनवले. पुढे अठराव्या शतकात ‘चपळ’, ‘तरतरीत’ हाही अर्थ तिला चिकटला. वर्गात ‘अलर्ट’ असणारा मुलगा हा त्या अर्थाचा वारस. हुकूम, सावधपणाची अवस्था, चपळाई आणि धोक्याची सूचना अशा सगळ्या छटा एकाच शब्दात साठत गेल्या आणि मराठीने त्या सगळ्या एकदमच उसन्या घेतल्या.

सोळाव्या शतकातील इटलीची भूमी ही युरोपच्या सैन्यांची रणभूमी होती. त्यामुळे लष्करी परिभाषेतील कितीतरी शब्द इटालियनमधून फ्रेंचमध्ये व तेथून इंग्रजीत गेले. घोडदळ, पायदळ, बटालियन यांची इंग्रजी नावे त्याच वाटेने आली. त्यातलाच ‘अलार्म’ हा ‘अलर्ट’चा भाऊ शोभावा असा शब्द. ‘अल्लार्मे’ म्हणजे ‘शस्त्रे उचला!’ पहाटे उशाशी वाजणाऱ्या घड्याळाने मूळ अर्थाप्रमाणे झोपलेल्या माणसाला तलवार घ्यायला सांगितलेले असते, हे किती जणांच्या लक्षात येत असेल?

या दोन हाकांमधला फरक मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ‘अल्लेर्ता’ म्हणजे उंचावर जा आणि बघा. ‘अल्लार्मे’ म्हणजे शत्रू आला, आता लढा. पहिली हाक धोका दिसण्यापूर्वीची, दुसरी धोका दारात आल्यानंतरची. इटियाडोहपासून जवळच असलेल्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. चितळाला झुडुपात काही हलल्याची शंका येते तेव्हा ते मान उंचावून, कान टवकारून स्तब्ध उभे राहते. वाघ वा बिबट्या खरोखर दिसला की मग त्याचा तो परिचित तीक्ष्ण आवाज निघतो. वनरक्षक आणि वाटाडे त्या आवाजाला ‘अलार्म कॉल’ म्हणतात, आणि ते शब्दशः बरोबर आहे.

इंग्रजीतील इतर पहारेकरी

सावधपणासाठी इंग्रजीत आणखी तीन घराणी आहेत. ‘वेअरी’, ‘अवेअर’ आणि ‘बिवेअर’ हे मूळ जर्मानिक घराण्यातले शब्द असून लक्ष ठेवणे, जपणे हा त्यांचा गाभा आहे. याच घराण्याची एक शाखा फ्रेंच भाषेत जाऊन ‘ग’ने सुरू होऊ लागली आणि ‘गार्ड’ बनून इंग्रजीत परतली. जी शाखा घरीच राहिली ती ‘वॉर्ड’. महापालिकेचा वॉर्ड, रुग्णालयाचा वॉर्ड आणि सोसायटीच्या फाटकावरचा गार्ड हे असे एकाच कुळातले आहेत.

दुसरे घराणे ‘व्हिजिलंट’चे. लॅटिनमध्ये ‘विजिल’ म्हणजे जागा असलेला. सम्राट ऑगस्टसने इसवी सन ६ मध्ये रोम शहरात आगी विझवण्यासाठी व रात्रीच्या गस्तीसाठी जे दल उभारले, त्याचे नावच ‘विजिलेस’ होते. इंग्रजीतील ‘वेक’ आणि ‘वॉच’ हे दोन शब्दही त्याच प्राचीन मुळाशी नाते सांगतात. वॉच म्हणजे आधी जागणे, मग पहारा, मग पहाऱ्याची पाळी आणि शेवटी वेळ दाखवणारे मनगटावरचे यंत्र. मराठीत कायमचा मुक्काम केलेला ‘वॉचमन’ हा अर्थाने ‘जागणारा माणूस’ आहे. (तो जागा असतोच असे नाही, ही तक्रार बहुधा रोममध्येही असावी.)

तिसरे घराणे ‘कॉशन’चे. त्याच्या मागे सावध असणे हा लॅटिन धातू आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात एका घराच्या उंबऱ्याशी साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे रंगीत तुकड्यांचे चित्र आहे आणि त्याखाली याच धातूचे आज्ञार्थी रूप वापरून ‘कुत्र्यापासून सावध’ असे लिहिलेले आहे. पुणेरी पाट्यांची परंपरा किती जुनी, याचा हा पुरावा मानायला हरकत नाही.

मराठीजवळ काय आहे?

‘अलर्ट’ला मराठीत शब्दच नाही, असा समज अनेकांचा असतो. वस्तुस्थिती उलट आहे. मराठीजवळ शब्द इतके आहेत, की त्यांच्या छटा वेगळ्या ठेवणे हेच काम होऊन बसते.

‘सावध’ आणि ‘सावधान’ हे शब्द अवधानातून आले. अवधान म्हणजे एकाग्र लक्ष. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात ते हेच. लग्नाच्या मंडपात अंतरपाटाआड ‘शुभमंगल सावधान’ उच्चारले जाते, तेव्हा त्यात धोक्याचा काही संबंध नसतो. मुहूर्ताकडे लक्ष द्या, एवढाच त्याचा अर्थ. लहानग्या नारायणाने मात्र तो वेगळा घेतला आणि बोहल्यावरून पळ काढला, अशी समर्थ रामदासांची आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. शब्द तोच, ऐकणाऱ्याने घेतलेला अर्थ निराळा, याचे यापेक्षा प्रसिद्ध उदाहरण मराठीत नसेल.

‘सतर्क’ म्हणजे मुळात तर्कासह, विचारपूर्वक. ‘दक्ष’ हा संस्कृतात समर्थ, कुशल या अर्थाचा. मराठीत तो पहाऱ्यावर आला आणि कवायतीच्या मैदानावर टाच जुळवण्याचा हुकूम झाला. दिल्लीतील ज्या आयोगाची स्थापना १९६४ मध्ये झाली, त्याला हिंदीत केंद्रीय सतर्कता आयोग म्हणतात व मराठीत केंद्रीय दक्षता आयोग. दोन्ही भाषांनी संस्कृतचेच भांडार उघडले, पण शब्द वेगवेगळे निवडले.

अरबी-फारसीतून आलेले शब्द तर अधिकच बोलके आहेत. ‘खबरदार’ म्हणजे ज्याच्याकडे खबर आहे तो. ज्याला बातमी आहे तोच काळजी घेऊ शकतो, हा केवढा व्यवहारी विचार या शब्दात दडलेला आहे! मराठीत ‘खबरदार’ धमकीसाठी राखून ठेवला गेला आणि ‘खबरदारी’ मात्र सरकारी पत्रकात शहाण्यासारखी नांदते आहे. ‘होशियार’ म्हणजे शुद्धीवर असलेला, भान असलेला. मराठीत तो ‘हुशार’ होऊन परीक्षेत पहिला येऊ लागला. इंग्रजी ‘अलर्ट’चा प्रवासही सावध ते तरतरीत असाच झाला होता, हे साम्य नोंद घेण्यासारखे आहे.

‘इशारा’ हा अरबी शब्द. हिंदीत इशारा म्हणजे खूण, नजरेने वा बोटाने केलेली सूचना. मराठीने तो धोक्याच्या सूचनेसाठी नेमला. विशाळगडावरून झालेल्या तोफांच्या आवाजाची कथा सांगताना ‘इशारत’ हा शब्द येतो, पण १६६० मधील ती इशारत महाराज सुखरूप पोहोचल्याची होती, संकटाची नव्हे. आज ‘हवामान खात्याचा इशारा’ म्हटल्यावर शुभवार्ता कोणी अपेक्षित नाही.

आणि या सगळ्यांत अस्सल देशी म्हणावा असा शब्द झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या पट्ट्यात आजही जिवंत आहे. तो म्हणजे ‘जागली’. रानडुकरांपासून धान वाचवण्यासाठी शेतकरी रात्री मचाणीवर बसून राखण करतो, त्याला जागलीला जाणे म्हणतात. उंचावर बसायचे आणि बघायचे. इटालियन ‘अल्लेर्ता’चा याहून नेमका अनुवाद करता येणार नाही. गावगाड्यात रात्रीचा पहारा करणारा तो ‘जागल्या’. अलीकडे संस्थेतील गैरव्यवहार उघड करणाऱ्यासाठी हाच जुना शब्द वृत्तपत्रांनी पुन्हा वापरात आणला. कोजागरीच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे’ असे विचारत फिरते, ही श्रद्धाही याच ‘जागृ’ धातूवर उभी आहे.

रंगांची परिभाषा आणि एक सार्वत्रिक चूक

‘अलर्ट’ शब्द शहरी वाचकाच्या तोंडी बसला तो मुख्यतः रंगांमुळे. यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट ही त्रयी आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. त्यातून सुटी मिळेल की नाही हे ठरत असल्याने तर विशेषच. पण भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गवारीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. तेथे ‘अलर्ट’ हा शब्द सगळ्या रंगांना लावलेला नाही. हिरवा म्हणजे कोणताही इशारा नाही. पिवळा म्हणजे ‘वॉच’, अर्थात लक्ष ठेवा, माहिती घेत राहा. नारंगी म्हणजे ‘अलर्ट’, अर्थात सज्ज राहा. लाल म्हणजे ‘वॉर्निंग’, अर्थात आता कृती करा. या कोष्टकानुसार ‘अलर्ट’ फक्त नारंगीच असतो. ‘रेड अलर्ट’ हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या मध्यास संरक्षण दलांच्या परिभाषेतून पसरला आणि तो इतका रुळला आहे, की अधिकारीही बोलताना तोच वापरतात.

वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. परंतु त्यात तीन वेगवेगळ्या आज्ञा एकाच शब्दाखाली झाकल्या जातात. पाहत राहा, तयार व्हा आणि हला, या त्या तीन आज्ञा. तिन्हींना ‘अलर्ट’ म्हटले की वाचक फक्त रंगांची चढती भाजणी लक्षात ठेवतो आणि आपण काय करायचे, हा भाग गळून पडतो. पिवळा म्हणजे ‘काही विशेष नाही’ आणि लाल म्हणजे ‘बघू, मागच्या वेळीही काही झाले नव्हते’ अशी जी मनोवृत्ती तयार होते, तिचे एक कारण या सरसकटपणात आहे.

रंग ठरतो तो केवळ पावसाच्या मिलिमीटरवर, हाही समज पुरता खरा नाही. हवामान विभागाच्या मोजमापात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. मात्र रंग देताना पाऊस होण्याची शक्यता किती आणि त्याचा परिणाम काय होईल, याचाही विचार केला जातो. तेवढाच पाऊस कोरड्या जमिनीवर पडणे वेगळे आणि चार दिवसांच्या झडीनंतर भरलेल्या तलावांच्या प्रदेशात पडणे वेगळे. गोंदिया-भंडाऱ्यात माजी मालगुजारी तलावांची संख्या मोठी असल्याने हा भेद येथे पुस्तकी राहत नाही.

जाता जाता ‘ऑरेंज अलर्ट’ या जोडशब्दाविषयी. ‘ऑरेंज’चे मूळ संस्कृत ‘नारंग’पर्यंत जाते. तेथून फारसी, अरबी अशी मजल मारत तो शब्द युरोपात पोहोचला आणि इटालियन व फ्रेंच मुखांत त्याचा आरंभीचा ‘न’ हरवला. नागपुरी संत्र्यांच्या शेजारच्या जिल्ह्यात हा इशारा येतो, तेव्हा त्यातला अर्धा शब्द घरी परतलेला असतो. मराठी पत्रकात ‘नारंगी इशारा’ असे लिहिले तर हा फेरा पूर्ण होतो, शिवाय ते वाचायला सोपेही आहे.

इशारा पातळी, धोका पातळी

नद्यांच्या बाबतीत मराठीने हे काम आधीच चोख केलेले आहे. पूरमापनात ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे तेथील रिक्षाचालकही सांगू शकतो. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा शहराला परिस्थितीची कल्पना देण्यासाठी तो एक आकडा पुरेसा होता. इशाऱ्याला आकडा जोडलेला असला की तो समजतो.

वैनगंगेच्या खोऱ्यात प्रश्न अधिक अवघड आहे. गोसेखुर्दच्या बातम्यांत ‘दरवाजे उघडले’ असा शब्दप्रयोग येतो, तर इटियाडोहच्या बातम्यांत ‘ओव्हरफ्लो’. दरवाजांतून पाणी सोडताना किती आणि केव्हा, हे माणूस ठरवतो, त्यामुळे आगाऊ सूचना देणे शक्य असते. सांडव्यावरून ओसंडणारे पाणी आभाळाच्या हिशेबाने चालते. शिवाय वैनगंगाच फुगलेली असेल, तर गाढवीसारख्या उपनदीचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते, आणि खालच्या गावांना पूर वरून नव्हे तर नदीच्या मुखाकडून येतो. अशा वेळी ‘धरण क्षेत्रात पाऊस थांबला’ ही बातमी दिलासा देणारी असतेच असे नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस याचा कटू अनुभव आला. मध्य प्रदेशात वैनगंगेच्या वरच्या अंगाला प्रचंड पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सोडले गेले आणि गोसेखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा, चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी आणि गडचिरोली जिल्ह्यातील नदीकाठ पाण्याखाली गेला. दोन राज्यांच्या यंत्रणांमधील समन्वयाविषयी आणि सूचना गावांपर्यंत केव्हा व कोणत्या शब्दांत पोहोचली याविषयी त्यानंतर बरीच चर्चा झाली. पाणी यायला काही तास लागतात. त्या तासांचा उपयोग होणे वा न होणे निरोपाच्या भाषेवरही ठरते.

निरोपात काय असावे?

२००४ मध्ये धोक्याच्या सूचनांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि सी-डॉट या संस्थेने उभारलेली ‘सचेत’ ही यंत्रणा त्याच मानकावर चालते. २०२३ मध्ये देशभर मोबाइल संचांवर एकाएकी मोठा आवाज होऊन जे चाचणी संदेश झळकले आणि अनेकांची भंबेरी उडाली, ते याच व्यवस्थेचे. या मानकात प्रत्येक ‘अलर्ट’ने तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतात. धोका किती लवकर येणार, तो किती मोठा आहे आणि तो येईलच याची खात्री किती. मोठा पण दूरचा धोका आणि लहान पण दारात आलेला धोका यांत गल्लत होऊ नये, हा त्यामागचा हेतू. यानंतर ‘काय करावे’ यासाठी निराळी जागा ठेवलेली असते.

विजेच्या बाबतीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल उपयोजन असेच नेमके बोलते. आपण उभे आहोत तेथून २० ते ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सूचना देते आणि काय टाळायचे हेही सांगते. जुलैत धानाच्या रोवणीसाठी चिखलात वाकलेल्या मजुरांच्या दृष्टीने ही माहिती जिव्हाळ्याची आहे. अडचण इतकीच, की रोवणीच्या वेळी मोबाइल बांधावरच्या पिशवीत असतो.

पूर्वी हे काम गावचा कोतवाल करीत असे. दवंडीची सुरुवात ‘ऐका हो ऐका’ने होई, आणि त्यापुढच्या एकदोन वाक्यांत कोणी, केव्हा आणि काय करायचे ते सांगून तो पुढच्या आळीला जाई. नदीकाठच्या गावांसाठी निघणाऱ्या आजच्या पत्रकांतही तो मजकूर असतो: पात्रात उतरू नये, पुलावरून पाणी वाहत असताना तो ओलांडू नये, जनावरे उंच जागी हलवावीत. बहुतेक वेळा तो शेवटच्या परिच्छेदात असतो.